वाटीबाहेर पडलेली आमटी

ओल्या लोखंडाचा वास आला की मला लंडनमधल्या पिनरच्या बागेतलं, लहान मुलांचं ते गोल फिरणारं चक्र आठवतं. दोन हजार पाचच्या सुमाराला आमच्या इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकासाठी मी विज्ञानकथा लिहिली होती. तिची पुण्याची नायिका गरगर फिरणाऱ्या अंतराळस्थानकावर राहायला जाते, पहिल्या दिवशी आमटी वाढते आणि धार वाटीच्या बाजूलाच पडते. अंकाचे संपादक म्हणजे एक रिटायर्ड डॉक्टरकाका. त्यांनी नेमकं तेच काढून टाकलं. "अगं, आमटी सरळच पडते. आणि दिवाळीत फिजिक्स कोण वाचणार? त्यापेक्षा शेवटी तिला पुण्याला परत आण." माझं डोकं सटकलं. म्हटलं, "काका, कोट घाला, बागेत चला. फिरत्या जागी सरळ काय पडतं ते दाखवते." चक्रावर आम्ही समोरासमोर बसलो, माझ्या नवऱ्याने ते जोरात फिरवलं आणि मी काकांच्या छातीचा नेम धरून संत्रं फेकलं. ते वळून त्यांच्या खांद्याशेजारून चिखलात गेलं. "नेम चुकला तुझा!" "मग तुम्ही फेका." नवऱ्याने चक्र थांबवून त्यांना दुसरं संत्रं दिलं, पुन्हा फिरवलं; तेही बाजूलाच गेलं. उतरल्यावर काकांनी गारठलेला दांडा धरून चक्र स्वतःच एकदा हळूच फिरवून पाहिलं. मग म्हणाले, "बरं, आमटी छापतो. पण तिला परत आण." "नाही आणणार. वाटी कुठे धरायची ते आता तिला कळलंय." कथा तशीच छापून आली. इतकी वर्षं इथे लंडनच्या हॅरोत काढल्यावरही लोक मला विचारतात, भारतात परत कधी जाणार? मी अजून तेच, वाटीचं, उत्तर देते.