आधी पाणी बघायचं

फ्रान्सला निघताना ह्यांनी मला एकच काम सांगितलं होतं. "पोरीला सरळ विचार. परत येणार का नाय? व्हय म्हणाली तर वरच्या मजल्याला फरशी बसवून घेतो." पडेगावच्या आमच्या घराचा वरचा मजला लेक-जावयासाठीच काढलाय. खिडक्या बसल्यात, फरशी तेवढी राहिलीय. लेकीकडं येऊन मला बरेच दिवस झाले होते, पण प्रश्न काही तोंडातून निघत नव्हता.

त्यात तिनं मला नदीकाठचं जुनं गाव दाखवायला न्यायचं ठरवलं, तो नेमका आमच्याकडं पाण्याचा दिवस. आठवड्यातून एकदा नळ येतो, कधी येईल त्याचा नेम नाही, आणि घरी हे एकटे. मोटर लावतील आणि पेपर वाचत बसतील, नाहीतर लावायचीच विसरतील. गाडीत बसल्यापासून मी फोन हातातून सोडला नाही. लेक वैतागली. "आई, एवढ्या लांब आलीस, आज तरी त्या नळाला विसर की!" कसं विसरू? अख्खा संसार त्याच्या वेळा सांभाळण्यात गेला माझा.

गाव लई देखणं. दगडी घरं, कमानींचा पूल, खाली काठोकाठ नदी. एका भिंतीवर आडव्या रेघा कोरलेल्या. पूर कुठवर चढला त्याच्या खुणा म्हणे. धन्य आहे बाई! आम्ही टाकीवर रेघ मारतो ती पाणी कुठवर उतरलं ते बघायला.

चौकात आलो आणि माझं डोकंच फिरलं. भिंतीतल्या तोटीतून पाणी धो धो हौदात पडत होतं, हौद भरून खाली वाहत होतं, आणि जवळ चिटपाखरू नाही. "अगं, कोण मेलं नळ उघडा टाकून गेलं?" तोटीला फिरवायला काहीच सापडेना. शेवटी पर्समधला रुमाल काढला, बोळा केला आणि दिला कोंबून. पाणी असं उसळलं की साडी, स्वेटर, चष्मा सगळं चिंब. वरच्या खिडकीतून एक म्हातारी तावातावानं बोलायला लागली. लेक तिची माफी मागत धावत आली आणि रुमाल ओढून काढला.

"आई! झऱ्याचं पाणी आहे ते. रात्रंदिवस वाहतं, कुणी बंद करत नाही. पुढं नदीलाच मिळतं."

"मिळू दे. मला नाय बघवत," मी म्हणाले, आणि काय झालं कोण जाणे, तिथंच हौदाच्या काठावर बसून मला रडू फुटलं. लेक हसत होती, ती माझ्याशेजारी येऊन बसली. मग माझा हात धरून म्हणाली, "चल, तुला एक दाखवायचंय."

नदीकडं उतरणाऱ्या गल्लीत निळ्या दाराचं लहानसं घर होतं. "हे विकायला आहे," ती म्हणाली. "आम्ही दोघं घ्यायचं म्हणतोय. पण तू आणि बाबा हो म्हणाल तरच." लहानपणी निकाल हातात देताना व्हायचा तसा चेहरा झाला होता तिचा.

राग आला मला. हे ऐकायला आले का मी इतक्या लांब? बिनफरशीचा तो मजला डोळ्यांपुढून हलेना.

आमच्याकडं पोरगी द्यायची तर घर, शेत मागाहून बघतात. आधी पाणी कुठून आणावं लागतं ते विचारतात. माझ्या वडिलांनीही विचारलं होतं. सासरच्यांनी "भरपूर आहे" म्हणून सांगितलं होतं. लेकीनं तर लग्न स्वतःच जमवलं, त्यामुळं आम्हाला विचारायची वेळच आली नाही.

दाराशेजारी बाहेर एक नळ होता. मी वाकून तो उघडला. पाणी जोरात आलं. बंद केला, परत उघडला. परत आलं.

"रोज येतं?"

"दिवसभर असतं, आई."

"मग घे."

ती गळ्यात पडली आणि तेवढ्यात ह्यांचा फोन वाजला. "अगं, पाणी आलंय. मोटर लावलीय. तिला विचारलंस का?"

"विचारलं."

"मग? फरशीवाल्याला सांगू?"

"फरशी राहू द्या," मी म्हणाले. "आधी टाकी भरली का बघा."