उशाला कोण होतं

आक्का गेल्याचा फोन आला तेव्हा मी तिच्याच पुढच्या आठवड्याचा तक्ता करत होते. सकाळी कोण, दुपारी कोण, डबा कुणाचा, औषधं कोण बघणार. शनिवारची सकाळ होती. तिची भाची केतकी म्हणाली, "काकू, मावशी गेली. झोपेतच." मी "येते" म्हटलं, फोन ठेवला आणि हातासरशी सोमवारचा रकाना भरून टाकला. नाव लिहून झाल्यावर लक्षात आलं…

सुनंदा आक्का तीस वर्षं वॉर्डात काढून निवृत्त झालेली नर्स. शहापुरात खाली विणकराचा माग आणि वर तिच्या दोन खोल्या. केतकी बेंगळूरहून परत आली ती एक खेळ घेऊन, आणि दर रविवारी सकाळी आक्काच्या टेबलाभोवती आम्ही तो खेळू लागलो. केतकी गोष्ट सांगायची. आक्का, हिंडलग्याचा प्रकाश आणि मी त्या गोष्टीतली माणसं. कोणी योद्धा, कोणी चेटकीण. गुहेत शिरायचं की पूल ओलांडायचा ते आपण ठरवायचं, जमलं की नाही ते फासे सांगणार. प्रत्येकाच्या जिवाला एक आकडा. घाव बसला की तो उतरतो. हे आकडे सांभाळायचं काम माझ्याकडे होतं. कॉलेजच्या ऑफिसात हयात गेलेली, याद्या मला आवडतात.

खेळाच्या पुस्तकातला नियम सोपा होता. रात्रभर मुक्काम केला, झोप काढली की सकाळी आकडा पूर्ण. पहिल्यांदा प्रकाशचा योद्धा भाला खाऊन पडला आणि केतकीनं त्याला सकाळी ठणठणीत उठवला तेव्हा आक्कानं चष्मा काढून टेबलावर ठेवला. "एका झोपंत भाल्याची जखम भरती व्हय गं? हे लिवणाऱ्याला आमच्या वॉर्डात आठ दिस पाठव. पेशंट झोपला म्हंजे बरा झाला न्हाय. उशाला कोण हुतं ते सांग आधी." तेव्हापासून आमच्याकडे तिचा नियम चालू झाला. जखमी माणसाची झोप धरायची तर सोबत्यांपैकी एकानं जागं राहायचं, काय केलं ते स्वतःच्या तोंडानं सांगायचं, आणि जागणाऱ्याचा आकडा त्या रात्री वाढणार नाही. प्रकाश सुरुवातीला लाजायचा. मग पट्टी कशी ओली केली, गावाकडच्या कुठल्या म्हशीची गोष्ट सांगितली, हे रंगवून सांगू लागला. आक्का त्यात चुका काढायची आणि आम्ही हसायचो.

मला मात्र घड्याळ दिसायचं. एका रविवारी मी वेळ लावली. एका जखमेपायी चाळीस मिनिटं, आणि ज्या किल्ल्यासाठी निघालो होतो तो तीन महिने तिथंच. मी रीतसर सुचवलं की मुक्काम एका वाक्यात उरकावा, आकडे मी भरून घेईन. केतकी आणि प्रकाशनंही मान डोलावली. आक्का म्हणाली, "तुझ्या वहीत बसतंय तेवढंच ठेव गं शैला." मी ते टोमणा म्हणून घेतलं नाही, मंजुरी म्हणून घेतलं. पण तिनं स्वतःपुरता जुना नियम सोडला नाही. मुक्काम आला की म्हणायची, "तुमी झोपा. मी जागी हाय." त्यामुळं वहीत तिचा आकडा कायम सगळ्यांत खाली. तुझं नियोजन कच्चं आहे, असं मी तिला चारचौघांत सुनावलंय.

मग तिच्या पोटाचं दुखणं निघालं, ऑपरेशन झालं, घरी आणलं. मी दुसऱ्याच दिवशी तक्ता करून सगळ्यांना पाठवला. रात्री आणि सकाळी केतकी, दुपारी प्रकाश, संध्याकाळी शेजारच्या बाई. माझ्या नावापुढं मी लिहिलं होतं, देखरेख. पाच वेळा गेले असेन. पिशवी खांद्यावरच. गोळ्या मोजल्या, थर्मास बघितला, रिपोर्ट तारखेप्रमाणे लावले. शेवटच्या खेपेला ती म्हणाली, "बस की गं जरा." मी म्हटलं, "रविवारी निवांत बसते आक्का. आज गुरुवारचं बघायचंय, प्रकाशला सुट्टी मिळत नाही." ती म्हणाली, "न्हाय कोण गावलं तर ऱ्हाऊ दे. मी काय पळून जातीया?"

त्या गुरुवारी तीन ते पाचसाठी मी फोनवर फोन केले. कोणाचं लग्नघर, कोणी जांबोटीला गेलेलं, बस संध्याकाळची. तक्ता दुरुस्त करून तीनदा ग्रुपवर टाकला. ते दोन तास मी माझ्या घरात, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून घालवले. मला त्या वेळी दुसरं काहीही काम नव्हतं. शहापूर माझ्या घरापासून रिक्षानं दहा मिनिटं… हे मला तेव्हा सुचलंच नाही. विसरले असते तर बरं झालं असतं. मी माझं नाव त्या रकान्यासाठी धरलंच नव्हतं.

पाचला केतकी कामावरून लवकर घरी पोचली तेव्हा आक्का जागी होती. कोण आलं होतं, असं केतकीनं विचारलं. आक्कानं उशाजवळचा मोबाईल उचलून दाखवला. "तक्ता आलता. तीनदा."

हे केतकीनं मला दहाव्याला सांगितलं, हसत हसत. मावशी काय बोलायची, नाही का, म्हणाली. मीही हसले.

महिन्यानं आम्ही तिघं पुन्हा त्याच टेबलाशी बसलो. खेळातल्या आक्काच्या माणसाचं काय करायचं, हा प्रश्न होताच. तिला मारायचं नाही यावर एकमत झालं. केतकी म्हणाली, एक पुरता मुक्काम देऊ, आकडा पूर्ण करू आणि तिला तिच्या वाटेनं जाऊ देऊ. वहीत आक्कापुढं चार होते, व्हायला हवे होते एकवीस. मी खोडरबर घेतला. तेवढ्यात प्रकाश म्हणाला, "तिच्या नियमानं करूया की." मग दोघंही माझ्याकडं बघू लागले. मी म्हटलं, मी जागी राहते.

केतकीनं नेहमीसारखं विचारलं, "मग रातभर उशाला बसून केलंत काय, काकू?"

खाली माग चालू होता. प्रकाशला अशा वेळी किती सुचायचं… मला एवढंच माहीत होतं की गोळ्या किती वाजता द्यायच्या. आक्काला काय ऐकायला आवडायचं, पाय चेपलेले चालायचे का, दिवा ठेवायचा की मालवायचा, यातलं मला काहीच सांगता येईना. आणि वहीत न झालेलं लिहायची मला सवय नाही.

मी खोडरबर खाली ठेवला. आक्काचा आकडा अजून चारच आहे.