मामीच्या आवाजातला गारांचा इशारा

पुण्यातल्या ज्या कंपनीत मी काम करते, ती शेतकऱ्यांसाठी हवामानाचे इशारे देणारं ॲप बनवते. त्यातलं मराठी माझं, आणि त्याचा मला भारी अभिमान होता. एका मार्चमध्ये यवतजवळ गारा पडल्या, माझ्या सख्ख्या मामांचा काढून ठेवलेला कांदा भिजला आणि अभिमान उतरला. कारण इशारा त्यांच्या फोनवर चार तास आधीच पोचला होता.

रविवारी मी गेले, तर मामा सडका कांदा बाजूला काढत बसले होते. इशारा वाचला नव्हता का, असं विचारल्यावर त्यांनी फोन काढून माझंच वाक्य मला वाचून दाखवलं: ‘मेघगर्जनेसह गारपीट संभवते, सावधगिरी बाळगावी.’

“शेळी बाळगायची ते ठावं हाय मला,” मामा म्हणाले. “ही सावधगिरी कशी बाळगत्यात?”

मामी गालात हसत होती. आभाळ काळं झाल्यावर तिनं ओट्यावरून तीनदा हाका मारल्या होत्या म्हणे. मामांनी ना फोनचं ऐकलं, ना तिचं.

मी वही काढून दोघांना विचारलं, की चार तास हाताशी असले तर नेमकं काय करायचं. मामी भराभर सांगत गेली. कांद्यावर प्लास्टिकचा कागद टाका, कडेनं माती ओढा, म्हशी झाडाखालनं सोडून गोठ्यात घ्या, उमललेला झेंडू तोडून आत आणा. ‘संभवते’ त्यात कुठंच नव्हतं.

ऑफिसात साहेबांना ते पटलं. इशारा बोलून द्यायचा ठरला आणि एका गोड आवाजाच्या मुलीकडून तो रेकॉर्ड करून घेतला. दौंडच्या एका बागायतदारानं ऐकून सांगितलं, की गाडी किती नंबरला लागतीय ते बघावंसं वाटतंय.

मग मी पुन्हा यवतला गेले. मामीपुढं फोन धरला, तर तिनं पदर सावरला आणि भाषण द्यावं तशी “नमस्कार शेतकरी बंधूंनो” म्हणून सुरुवात केली. सगळं मुसळ केरात. मी रेकॉर्डिंग चालूच ठेवलं आणि सहज म्हटलं, की मामा पारावर बसलेत आणि आभाळ भरून आलंय असं समज. मामी तिथल्या तिथं ओरडली.

“अवो, उठा आधी. गारा यायला लागल्यात, कांद्यावर कागद टाका. च्या मग प्या.”

मी तिला ते ऐकवलं आणि वापरू का म्हणून विचारलं. ती म्हणाली, लाव, माझा घसा तरी वाचंल. मामांना मात्र सांगायचं नाही, एवढी एकच अट घातली.

आधी शिरूर आणि दौंडकडच्या मोजक्या फोनांवर तो आवाज चढवला. पहिला इशारा गेला तेव्हा मामा खरंच पारावर होते. सोबतच्या दोघांकडंही आमचं ॲप होतं. तीन खिशांतून मामी एकदम ओरडली. मामांनी आधी मागं वळून पाहिलं, मग चपला सोडून शेताकडं धूम ठोकली. गारा पडल्या. कांदा कोरडा राहिला.

पुढच्या वेळी मात्र इशारा आला आणि थेंबही पडला नाही. आता मामांची पाळी होती. दोन दिवस ते मामीला वेधशाळा म्हणून हाक मारत होते. मामीनं मला फोन करून झापलं: खात्री नसताना माझ्या तोंडी पक्कं का घालतीस? तिचं बरोबर होतं. अंदाज कच्चा असला की वाजवायला आम्ही तिच्याकडून दुसरं रेकॉर्डिंग घेतलं.

“येईल न येईल, सांगता येत न्हाई. पण कागद बांधावर आणून ठेवा.”

साहेबांना आधी हे कमीपणाचं वाटलं. पण खोट्या ठरलेल्या इशाऱ्यांना वैतागून लोक ॲपमधले इशारे बंद करत होते, ते थांबलं यानंतरच.

यंदा शिरूरला एका लग्नात मी मामीबरोबर पंगतीत होते. तिनं वाढप्याला हाक मारून मठ्ठा मागितला. समोरच्या पंगतीतले दोन अनोळखी बाप्ये घास तसाच हातात धरून मांडवाबाहेर आभाळाकडं बघायला लागले. मामीनं माझ्याकडं पाहिलं आणि उगाचच आणखी एकदा, जरा मोठ्यानं, मठ्ठा मागितला.