खरवडलेली नावं

कोलंबियातल्या बारांकियाच्या रेबोलो वस्तीत प्लिनिओ आउमादाच्या पिकोचा, म्हणजे नाचगाण्याच्या फिरत्या स्पीकरसंचाचा, दबदबा होता. माणसाहून उंच स्पीकर लावले की तीन गल्ल्या नाचायला यायच्या. माणूस मात्र महाखडूस. आफ्रिकेहून जहाजानं आलेली तबकडी हाती पडली की आधी ब्लेडनं तिच्यावरचं नाव खरवडायचा. दुसऱ्या पिकोवाल्याला गाणं कुठलं ते कळता कामा नये! मग स्वतःच बारसं करायचा: ‘सासूचा दात’, ‘ओलं गाढव’. सगळ्यांत लाडकं ‘एदुविगेस’, बायकोच्या नावाचं. ते वाजवताना सुरुवातीला तिनं माइकवर मारलेली आरोळी त्यानं कॅसेटवर धरून ठेवली होती: ‘हलू नका रे कुणी, माझा प्लिनिओ आलाय!’

म्हातारपणी पिको विकला. मुलीनं, नुरिसनं, सगळी गाणी घरातल्या छोट्या म्युझिक सर्व्हरवर चढवली.

“बाबा, एक जादा प्रत ठेवू?”

“खबरदार! प्रत झाली की गाणं गावाचं झालं.”

आरोळीची कॅसेटही सर्व्हरवर चढताच त्यानं फोडून टाकली.

जुना सर्व्हर बिचारा मुकाट होता. ‘ओलं गाढव’ म्हटलं की ओलं गाढव वाजवायचा. एदुविगेस गेल्यावर तीन वर्षं प्लिनिओ रोज जेवताना तिची आरोळी ऐकायचा, मगच घास तोंडात घालायचा.

एका रविवारी नुरिसनं हौसेनं सर्व्हरवर नवी आवृत्ती टाकली. ही दीडशहाणी. गाणी ऐकून ओळखायची, खरी नावं लावायची, गायकांचे फोटो चिकटवायची. खराब प्रत दिसली की नेटवरून नवी आणून जुनी पुसून टाकायची. प्लिनिओनं जेवताना गाणं लावायला सांगितलं. नुरिसनं शोधून शोधून लावलं, तर स्वच्छ वाजलं. आरोळी नाही. बायकोचा आवाज त्या यंत्राच्या लेखी बिघाड होता.

नुरिस रडत रडत जुनी आवृत्ती परत टाकून बसली. सगळं पहिल्यासारखं दिसलं, एदुविगेस तेवढी नव्हती.

“मी तुम्हाला विचारलं होतं, बाबा,” ती म्हणाली. प्लिनिओनं ताट सारलं आणि उठला.

चाळीस वर्षांत पहिल्यांदा त्यानं लिबार्दोचं दार वाजवलं. या पिकोवाल्यानं नाचात चोरून ती आरोळी टेप केली होती, त्यावरून दोघांची मारामारी झाली होती.

“टेप आहे का रे ती?”

“तू हिसकावलीस ना?”

“चोर एकच प्रत ठेवत नाही.”

लिबार्दो हसला, मग हसायचा थांबला. “होती दुसरी. एदुविगेसच मागायला आली. म्हणाली, दे बाबा, प्रत बाहेर आहे म्हणून त्याला झोप लागत नाही. तिनं तुला दिली नाही?”

दिली होती. प्लिनिओनं ती तिच्यासमोरच चुलीत घातली होती, आणि ती भात ढवळत राहिली होती.