मामाचे पाय आणि मामीची फरशी

आमचा मामा शिंपी. घराची पुढची खोली हेच त्याचं दुकान, आणि मागच्या स्वयंपाकघरात मामीचं राज्य. फरशीवर दोऱ्याचा तुकडा दिसला तरी मामी घर डोक्यावर घ्यायची.

उतारवयात मामाला कंपवात झाला. हाताची थरथर त्यानं चालवून घेतली, पण पाय दगा द्यायला लागले. चहा पिऊन दुकानात जायला निघायचा आणि मधल्या दारात खिळून उभा राहायचा. मामी मागून ढकलायची, तेव्हा तो पडता पडता वाचायचा. मशीनवर बसला की मात्र तेच पाय पेडल झकास मारायचे.

"मशीनवर बरे चालतात हो पाय! मी काही बोलले की लगेच बंद पडतात," मामी म्हणायची. तिला हे सगळं नाटक वाटायचं. मामा हसण्यावारी न्यायचा, पण आतून घाबरला होता. एकदा पडला असता तर त्याच्या मुलानं दुकानाला कुलूप लावलं असतं, आणि दुकान गेल्यावर मामा फार दिवस काढेल असं मला वाटत नव्हतं.

मीच त्याला डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरबाई मोठ्या समजूतदार होत्या. म्हणाल्या, "पायांत जोर आहे. सवयीची कामं मेंदूतला एक भाग आपल्याला न विचारता उरकत असतो. यांचा तोच भाग थकलाय, त्यामुळे पाऊल उचलायचा हुकूम वेळेवर निघत नाही. मशीनवर पेडलचा ठेका मदतीला येतो. जमिनीवर डोळ्यांसमोर ओलांडायला काही ठेवा, मग हुकूम दुसऱ्या वाटेनं जाईल. आणि त्यांना ओढू-ढकलू नका."

घरी येऊन मी मामीला हे सगळं सांगितलं आणि कापडावर आखायच्या खडूनं स्वयंपाकघरापासून मशीनपर्यंत आडव्या रेघा मारल्या. मामा एकेक रेघ ओलांडत थेट मशीनशी पोचला. मला रडूच आलं. मामीनं फरशीकडे बघून नाक मुरडलं, पण रेघा राहू दिल्या.

दुसऱ्याच दिवशी मुलगा दुकानाचं काय ते ठरवायला आला. मामा चहा संपवून उठला, दारापाशी आला आणि थांबला. फरशी लख्ख होती. रोजच्यासारखी मामीनं ती सकाळीच पुसून काढली होती.

"अगं बाई!" मामीनं कपाळावर हात मारला. "मी पुसायचं ठरवलंसुद्धा नव्हतं गं. हातांनीच पुसलं. मला विचारलंच नाही!"

बोलता बोलता ती थबकली आणि मामाकडे बघत राहिली. मुलगा बापाला ओढायला पुढे झाला.

"हात लावू नकोस त्यांना!" मामी ओरडली. तिनं आपलं पाऊल मामाच्या पायापुढे आडवं ठेवलं. "हं, ओलांडा."

मामानं ओलांडलं. मामीनं पुन्हा पाऊल पुढे ठेवलं, त्यानं पुन्हा ओलांडलं. असं करत दोघं मशीनपर्यंत गेली. मुलगा बघतच राहिला.

मामा खुर्चीत बसल्यावर मामी हळूच म्हणाली, "अहो, नाटक नव्हतं ना ते?"

"नव्हतं गं."

मामीनं पदरानं डोळे पुसले, माझ्याकडून खडू मागून घेतला आणि फरशीवर बसून स्वतः रेघा मारायला लागली.