सर्कशीतलं काऊन

आमच्या सर्कशीचा किस्सा मुळात एकच होता. पण दिवाळीनंतर गावात मंडईची जत्रा भरते तेव्हा आम्ही दवनीवाड्याला येतो, ओसरीत माणसं जमतात, कोणीतरी म्हणतं, "तिकडची सर्कस सांग," आणि मी सांगत सुटते. एकाचे आता पाच-सहा झालेत. भिजत घातलेल्या पोह्यांसारखे वाढतात हो किस्से! तरी मला फार फेकता येत नाही. सर्कशीच्या दिवशी अर्धा दवनीवाडा व्हिडिओ कॉलवर होता, आणि आई शेजारीच बसून माझ्या चुका काढत असते.

*

आम्ही इंग्लंडात एका लहानशा शहरात राहतो. मी, नवरा विवेक आणि आमची रेवा. त्या उन्हाळ्यात रेवा अडीच वर्षांची झाली तरी बोलत नव्हती. बोट दाखवायची, ओढून न्यायची, पण तोंडातून शब्द नाही. मला झोप लागत नव्हती.

तशात माझे बाबा तीन महिन्यांसाठी आले. आईनं यायला साफ नकार दिला होता, म्हशीला कोण पाहणार म्हणून. बाबांना मुकं बसणं माहीतच नाही. धानाच्या एका बांधावरून बोलले की चौथ्या बांधावरचा माणूस उत्तर देतो. ते रेवाशी सकाळपासून बोलत सुटायचे, आणि एक दिवस मी तिला चपला घाल म्हणाले तर पोरगी स्पष्ट म्हणाली, "काऊन?"

आमच्याकडे 'का' विचारायचं असलं की काऊन म्हणतात, आणि 'काय'ला का. मी आनंदानं रडले! मग काय, दूध पी, काऊन? आंघोळ कर, काऊन? बाबा प्रत्येक काऊनला उत्तर द्यायचे, न थकता.

नर्सरीतल्या बाईंना ते इंग्रजी 'काऊ' ऐकू आलं. एवढ्याशा पोरीचं गायीवर केवढं प्रेम, म्हणून त्यांनी रेवाच्या खुंटीवर गायीचं चित्र चिकटवलं. विवेक म्हणाला, चला, गोंदिया जिल्ह्याचं नाव निघालं.

*

पण हसू फार टिकलं नाही. बाईंनी आम्हाला बोलावून अगदी प्रेमानं समजावलं की मुलीचा भाषेत गोंधळ होतोय, सध्या घरी फक्त इंग्रजी बोला. आजोबांनीसुद्धा!

विवेक नियमाचा पक्का माणूस. त्यानं घरी येऊन फर्मान काढलं. बाबांचं इंग्रजी म्हणजे यस, नो, ओके, थँक्यू. तिथे संपलं.

"मंग मी का करू?" बाबांनी विचारलं.

विवेक म्हणाला, तिच्याकडे बघून नुसतं हसा.

बाबा हसायला लागले. सकाळी हसायचे, जेवताना हसायचे. आणि रेवा? तिनं दोन दिवस काऊन, काऊन केलं, उत्तर मिळेना, तशी गप्प झाली. पुन्हा बोट दाखवायला लागली. मला नर्सरीच्या विरुद्ध जायची हिंमत होईना.

आठवडा झाला तसे बाबा स्वयंपाकघरात माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "फोटोतल्या देवासारखा नुसता हासून राहिलो मी. माहा टिकिट लवकरचा करून दे, बाई."

*

बाबांचं मन रमवायला म्हणून मग सर्कशीचा बेत काढला. शहराबाहेरच्या मैदानात मोठा तंबू लागला होता. सर्कस म्हटल्यावर बाबा पहाटेच तयार! पांढरा सदरा, खांद्यावर दुपट्टा, वरून विवेकचं जॅकेट आणि पिशवीत आईनं पाठवलेला मुरमुऱ्यांचा चिवडा. त्यात तिखट किती? आमच्याकडे पाहुण्यालासुद्धा तो पाण्याच्या तांब्याबरोबर देतात.

गेटवर पिशव्या तपासत होते. तिथल्या आडदांड माणसानं डबा उघडून विचारलं, हे काय? बाबा नियमाप्रमाणे हसले. त्यानं पुन्हा विचारलं. बाबा आणखी हसले. मागे रांग वाढत होती. शेवटी बाबांनी डबाच त्याच्यापुढे धरला. त्यानं भला मोठा बकाणा भरला, लालेलाल झाला आणि हातानंच खूण केली, जा, आत जा.

आता त्यालाही बोलता येत नव्हतं.

*

आत शिरल्याबरोबर बाबा हत्ती शोधायला लागले. तंबूच्या मागे जाऊन आले, पडद्याखालून वाकून पाहिलं. शेवटी पॉपकॉर्नवाल्या मुलीला त्यांनी विचारलं, "एलिफंट?" तिनं सांगितलं, इथे प्राणी नसतात, फक्त माणसं.

बाबांचा चेहराच पडला. लहानपणी ते दवनीवाड्याहून बैलबंडीनं गोंदियाला सर्कस पाहायला गेले होते, ते हत्तीसाठीच. त्यांना राहवलं नाही. माझ्याकडे वळून म्हणाले, "मंग एवढा मोठा तंबू काऊन ठोकला?"

विवेक खोकला. पण माझ्या मांडीवर रेवानं मान वळवून आजोबांकडे पाहिलं.

*

खेळ दुपारचा, म्हणजे गावी दिवेलागण. व्हिडिओ कॉल लावला तर आईच्या अंगणात सगळी गल्ली! पुढे पोरं, मागे बाया, फोन तुळशीच्या कट्ट्यावर टेकवलेला.

झुल्यावरची मुलगी उंच गेली, हात सोडले, हवेत कोलांटी घेतली. तंबूत सगळ्यांचे श्वास अडकले. त्या शांततेत माझ्या फोनमधून आईचा आवाज आला, "त्या पोरीच्या मायले माईत हाये का, हे इथं लटकून राहिली ते?"

आजूबाजूचे लोक वळून बघायला लागले. मी आवाज कमी करायला गेले आणि घाईत वाढवून बसले. हे लक्षात ठेवा.

*

मग आला जोकर. लाल नाक, हातात पाण्याची बादली. चार पावलं चालायचा आणि धाडकन पडायचा. लोक हसून लोटपोट. रेवा मात्र हसेना. ती खुर्चीवर उभी राहिली. जोकर पाचव्यांदा पडला आणि आमच्या अगदी समोर फतकल मारून खोटं खोटं रडायला लागला. तंबू शांत झाला.

रेवा ओरडली, "काऊन?"

सगळा तंबू विरघळला! शेजारची म्हातारी म्हणाली, केवढीशी पोर, पण क्लाऊन किती छान म्हणते! लोकांनी टाळ्या वाजवल्या. जोकरानं छातीवर हात ठेवून रेवाला वाकून नमस्कार केला.

रेवाला नमस्कार नको होता. "काऊन?" पुन्हा टाळ्या. "काऊन?" आणखी टाळ्या. तिचे ओठ थरथरायला लागले. ती बाबांकडे वळली, "आबा, काऊन?"

बाबा विवेककडे बघून नियमाप्रमाणे हसायला गेले. त्यांना हसू आलंच नाही. मला ते बघवेना.

तेवढ्यात फोनमधून आई कडाडली, "पोट्टी विचारून राहिली न! सांगा ना कोनी तिले!"

विवेकनं एकदा रेवाकडे पाहिलं. म्हणाला, "सांगा, बाबा."

बाबा उठून उभे राहिले. आठवडाभर कोंडलेला तो बांधावरचा आवाज बाहेर आला, "तो पडून नाही राहिला, माय. मुद्दाम पडते तो. आपल्याले हसू यावा म्हनून!"

रेवानं क्षणभर विचार केला. म्हणाली, "मंग रडते काऊन?"

माझ्या लेकीचं पहिलं वाक्य! मी विवेकचा दंड इतका दाबला की वळ उठला. तंबूनं पुन्हा क्लाऊन ऐकलं आणि रेवाला डोक्यावर घेतलं.

"थोडा लागला असन," बाबा म्हणाले.

रेवा खुर्चीवरून उतरली, डब्यातून मूठभर चिवडा घेतला आणि जोकराच्या तोंडात कोंबला. पुढच्याच क्षणी जोकर खरोखर रडत बादलीकडे पळाला. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. इकडे दवनीवाड्याचं अंगणही वाजवत होतं.

*

सोमवारी रेवाला नर्सरीत सोडायला बाबाही आले. तिकिटाचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नव्हतं. बघतो तर रेवाच्या खुंटीवरून गाय गेलेली, तिथे लाल नाकाचा जोकर.

बाई आम्हाला पाहून धावतच आल्या. सर्कशीत त्या तंबूच्या पार पलीकडच्या टोकाला होत्या म्हणे, आणि त्यांनीही टाळ्यांत फक्त 'क्लाऊन' ऐकलं होतं! आठवड्यात किती सुधारलं हिचं इंग्रजी, घरी कोण बोलतं हिच्याशी, असं त्यांनी विचारलं. विवेक माझ्याकडे बघायला लागला. मी छताकडे. शेवटी त्यानं मुकाट्यानं बाबांकडे बोट केलं.

बाईंनी बाबांचे दोन्ही हात धरले. म्हणाल्या, कृपा करून थांबू नका, असंच बोलत राहा.

बाबांनी मला कानात विचारलं, बाई का म्हनून राहिली. मी सांगितलं. त्यांनी दुपट्टा नीट केला आणि होतं तेवढं सगळं इंग्रजी एकदम काढलं.

"यस. ओके. थँक्यू."