पायाशी आलेला चेंडू

ज्याला क्रिकेट कळतं त्याला बेसबॉल शिकावा लागत नाही, असं माझं ठाम मत होतं. ते मी कुवेतमधल्या मंगफच्या आमच्या फ्लॅटमध्ये, सोफ्यावर पाय पसरून चहा पिताना बनवलं होतं.

माझी बारा वर्षांची लेक इरा इथल्या मुलामुलींच्या बेसबॉल टीममध्ये खेळते. सीझनच्या शेवटच्या मॅचच्या तोंडावर पहिल्या बेसपाशी उभा राहणारा कोच सुट्टीवर गेला. पालकांच्या ग्रुपवर विचारणा झाली, तेव्हा बाकीच्या सगळ्या बापांना नेमकी त्या शुक्रवारी, इथल्या सुट्टीच्या दिवशी, ड्यूटी निघाली. मी हॉस्पिटलमधली मशिनं दुरुस्त करतो, पण त्या दिवशी एकही मशिन बिघडायला तयार नव्हतं! मी हो म्हणून टाकलं.

"बाबा, नो!" इरा किंचाळली. "यू डोन्ट नो द रूल्स!"

"शिकव की मग."

तिने बैठकीत चार कोपऱ्यांत चार उशा टाकल्या आणि माझ्या हातात लाटणं दिलं. (त्या वेळी कणीक मळून तयार होती. त्यामुळे शिकवणीवर मंजिरीची, म्हणजे माझ्या बायकोची, पहिल्यापासूनच नाराजी होती.) बॉल मारला की धावायचं. मी धावलो.

"बाबा, बॅट टाक! बॅट घेऊन नाही धावायचं!"

"मग क्रीजमध्ये काय टेकवू?"

"क्रीज नाहीये! पायाने बेस टच कर!"

मी उशीवर पाय ठेवला. "उशीला पाय लावू नका हो!" आतून मंजिरी ओरडली.

हळूहळू ज्ञानात भर पडत गेली. तीन स्ट्राइक झाले की आउट. चार बॉल वाईट पडले की फुकटात पहिला बेस. मागे किंवा रेषेबाहेर मारलं तर फाउल. म्हणजे माझा आयुष्यभराचा एकुलता एक फटका, यष्टिरक्षकाच्या बाजूने निसटणारा, इथे बेकायदा! आणि तिन्ही बेस फिरून पुन्हा होमला, म्हणजे जिथून बॉल मारला त्या उशीवर, आलं की कुठे एक रन.

"एवढं फिरून एकच?"

"कुवेतला आल्यापासून आपण दुसरं काय करतोय?" मंजिरी म्हणाली. "चला, लाटणं द्या."

इराला तोच एक रन हवा होता. अख्ख्या सीझनमध्ये तिच्या बॅटला बॉल धड लागला नव्हता. फुकटात मिळालेल्या पहिल्या बेसच्या पुढे ती कधी गेली नव्हती. रात्री झोपताना ती मला म्हणाली, "बाबा, आय जस्ट वॉन्ट टू कम होम वन्स." "तू फक्त 'गो' नाहीतर 'स्टॉप' म्हण," तिने बजावलं. एवढं काम तर सिग्नलसुद्धा करतो. मी निर्धास्त झोपलो.

मॅच रिग्गईच्या टीमशी होती. त्यांचा कोच रेनाटो, एक हसरा फिलिपिनो माणूस. सुरुवातीला मी दोनच चुका केल्या. आउट झालेल्या मुलाला "वेल प्लेड" म्हणून हात मिळवायला मैदानात शिरलो, आणि फाउल गेलेल्या बॉलवर चौकाराची खूण केली. दोन्ही वेळा इजिप्शियन अंपायरने "हबीबी, खलास!" (मित्रा, पुरे!) म्हणून मला कोचसाठी आखलेल्या चौकोनात परत पाठवलं.

शेवटची इनिंग. आम्ही एका रनने मागे, दोन आउट, आमची एक मुलगी दुसऱ्या बेसवर, आणि बॅटिंगला इरा! पहिला स्ट्राइक. दुसरा स्ट्राइक. प्रेक्षकांत मंजिरीने डोळे मिटले. तिसऱ्या बॉलला खणकन आवाज आला.

लागला! बॉल जमिनीवरून सरपटत गेला, त्यांच्या मुलाने तो उचलला आणि घाईघाईत पहिल्या बेसकडे फेकला. तो त्यांच्या तिथल्या मुलीच्या डोक्यावरून गेला. तिकडे आमची मुलगी होमकडे सुटलेली, इकडे इराने पहिला बेस ओलांडून दुसऱ्या बेसकडे वळण घेतलेलं. माझ्या पाठीमागे कुंपणापर्यंत मैदान मोकळं होतं. बॉल नुसता जाऊ द्यायचा होता.

आणि तो टप्पे खात माझ्या पायाशी आला.

आता सांगलीला आमच्या कॉलनीतली रीत अशी, की कुणाचाही चेंडू पायाशी आला की तो अडवायचा आणि खेळणाऱ्यांना परत टाकायचा. भाजी घेऊन चाललेले आजोबासुद्धा पिशवी खाली ठेवून चेंडू टाकायचे. न टाकणारा माणसातून उठला! मी पाय आडवा घातला, चेंडू उचलला आणि त्यांच्या त्या मुलीकडे अलगद टाकला.

"घे गं बाळा!"

अंपायरने दोन्ही हात वर करून खेळ थांबवला. कोचने मुद्दाम बॉल अडवला तर धावणारा आउट, असा नियम निघाला. उशांच्या शिकवणीत तो आलाच नव्हता, कारण असं कुणी करेल हे इराच्या स्वप्नातही नव्हतं. आउट कोण? इरा. दुसरी मुलगी होमला पोचायच्या आतच तिसरा आउट झाला आणि मॅच संपली. आम्ही हरलो.

"अहो, पण का?" मंजिरीने कुंपणापलीकडून विचारलं.

"पायाशी आला," मी म्हणालो.

इरा दोन बेसच्या मधोमध उभी होती. मी जवळ गेलो. मला खरंच फार वाईट वाटत होतं. तिचे डोळे भरलेले, पण ओठ वेगळंच काहीतरी आवरत होते.

"बाबा, यू सेड 'घे गं बाळा'? टू देम?"

"सवयीने गं."

मग मात्र तिला हसू आवरेना. डोळे पुसत ती म्हणाली, "नेक्स्ट सीझन त्यांच्या टीमला जा ना, प्लीज. मग आम्ही नक्की जिंकू."

लेकीसाठी बाप काय करत नाही! मी सरळ रेनाटोकडे गेलो आणि माझी सेवा देऊ केली. त्याने दोन्ही हातांनी माझा हात धरला, हलवून हलवून आभार मानले आणि काकुळतीला येऊन म्हणाला, "नो, नो, सर! यू स्टे विथ देम!"